नॉयर शॉर्टफिल्मचा पहिला सीन प्लॅन करताना: आधी अंधार ठरवा, मग लाईट

नॉयर म्हणजे गुन्हा, अपराधीपणा आणि गडद सावल्या यांचा सिनेमा. मास मीडिया शिकणाऱ्या मुलामुलींच्या नॉयर शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट माझ्याकडे वाचायला येतात आणि दहातल्या आठ तरी सारख्याच सुरू होतात, म्हणजे रात्र आहे, पाऊस पडतोय, टोपीवाला माणूस सिगारेट ओढतोय आणि मागून आवाज येतो की या शहरात कोणीच कोणाचं नसतं वगैरे. मेहनत दिसते, आवड पण दिसते, पण या माणसाने काय केलंय हे विचारलं तर समोरून उत्तर येत नाही. आणि नॉयरच्या पहिल्या सीनची सगळी गोम तिथेच आहे, कॅमेरा सुरू होण्याआधीच काहीतरी बिघडून गेलेलं असतं. आपण पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जुनी उदाहरणं बघा म्हणजे पटेल. बिली वाइल्डरच्या १९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी'मध्ये विमा कंपनीचा एजंट रात्री आपल्याच ऑफिसात येतो, जखमी आहे, डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या मशीनवर, बोलायला लागतो आणि खून मीच केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी केला, आणि दोन्ही मिळालं नाही हे सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. खुनी कोण हे रहस्य पहिल्या काही मिनिटांत संपलं, तरी आपण पुढचा पूर्ण सिनेमा खुर्चीला चिकटून बघतो, कारण आता प्रश्न बदललाय, हा माणूस इथपर्यंत आला कसा. १९५० च्या 'डी.ओ.ए.'मध्ये तर एक माणूस पोलीस स्टेशनात खुनाची तक्रार द्यायला येतो आणि खून झालेला माणूस तो स्वतःच असतो. दोन्हीकडे रात्र आहे, पण ती दुय्यम.

म्हणून कागदावर पहिली ओळ लोकेशनची लिहू नका. पहिली ओळ ही लिहा: सीन सुरू होण्याआधी या माणसाने काय करून ठेवलंय. दुसरी ओळ: आत्ता तो काय लपवायला आलाय. तिसरी: ते कोणाला कळलंय. या तीन ओळी सापडेपर्यंत कॅमेरा भाड्याने घेऊ नका.

आमचंच उदाहरण देतो, कारण ते मला आतून माहितीये. आम्ही सांगलीत केली होती, नऊ मिनिटांची फिल्म. हिरो पिग्मी एजंट. पिग्मी माहीत नसेल त्यांच्यासाठी, पतसंस्थेचा किंवा बँकेचा माणूस रोज दुकानादुकानात, भाजीबाजारात फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो आणि पावती देतो, ती बचत. अमेरिकेतल्या विमा एजंटची भानगड आपल्या मातीत कुठे बसेल याचा विचार करता करता हे सापडलं, कारण दोघांच्याही धंद्याचा पाया एकच, लोकांचा विश्वास. तर पहिली ओळ: भाजीवाल्या मावशींचे काही महिन्यांचे पैसे याने भरलेलेच नाहीत, पावत्या मात्र दिल्यात. दुसरी: रात्री ऑफिसात येऊन पावती पुस्तकातली स्थळप्रत, म्हणजे पुस्तकातच राहणारी प्रत, फाडायला आलाय. तिसरी: बाहेर कोणीतरी आहे.

आता यातून सीन कसा झाला बघा. पडदा काळा. शटर उचलल्याचा आवाज. खालून उजेडाची एक पट्टी आत येते, मग हात, मग माणूस वाकून आत शिरतो. शटर पूर्ण खाली ओढत नाही कारण ते खाली टेकताना मोठ्याने आदळतं, दीड फूट तसंच उघडं ठेवतो. टेबलावरचा छोटा दिवा लावतो, पुस्तक काढतो, एक पान शोधतो, फाडतो, घडी करून खिशात. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज, करकर वाजणारी कोल्हापुरी. आवाज थांबतो. फरशीवर दोन पायांची लांब सावली थेट टेबलापर्यंत येते. हा दिवा बंद करतो. कोणीच काही बोलत नाही. मग शटरच्या फटीतून एक कागद आत सरकवला जातो. हा जवळ जाऊन उचलतो तर ती त्याच पानाची पावती, गिऱ्हाइकाकडची प्रत. टायटल.

एक मिनिट चाळीस सेकंद, एकही डायलॉग नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये इथे अर्धं पान व्हॉइसओव्हर (पडद्यामागून बोलणारा आवाज) होता, त्याच्यावर कर्ज कसं झालं, आई आजारी कशी, सगळं. तो काढला तेव्हा सीन उभा राहिला.

व्हॉइसओव्हर वाईट नसतो, नॉयरचा तो हक्काचा ऐवज आहे, फक्त डोळ्याला दिसतंय तेच त्याने सांगायचं नाही आणि इंग्रजी डिटेक्टिव्हचं भाषांतर तर बिलकुल नको. आपला माणूस जसा बोलतो तसाच तो मनात बोलेल. आम्ही पुढच्या सीनमध्ये एवढंच ठेवलं, "मावशींचे रोजचे पन्नास. चार वर्षं. एक दिवस खाडा नाही." हिशोबाची भाषा आहे ती, पण ऐकताना पोटात खड्डा पडतो.

आता लोकेशन. रेकी, म्हणजे शूटआधी जागा बघून येणं, रात्रीच करा, ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी, दिवसा बघितलेली जागा रात्री पूर्ण वेगळी असते. समोरचा रस्त्यावरचा दिवा चालू असतो का, शेजारच्या बेकरीचा फ्रीज रात्रभर घुमतो का, कुत्री किती, बोअरची मोटर किती वाजता लागते, हे सगळं तिथे अर्धा तास गप्प बसून ऐकलं तरच कळतं. आम्हाला मित्राच्या काकांचा रिकामा गाळा मिळाला. "काका, रात्री अकराला शटर उघडलं तर चालेल ना?" तर काका म्हणाले, "चालेल रे, पण वरच्या मजल्यावर आधी सांगून ये, नाहीतर चोर समजून काठ्या घेऊन खाली येतील लोक." हे शंभर टक्के खरं, शेजाऱ्यांना सांगा, आणि रस्त्यावर काहीही करणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कॉलेजच्या पत्रासह आधी लेखी कळवून परवानगी घ्या. आणि खेळण्यातलं पिस्तूल घेऊन रस्त्यावर शूट करायचा विचार मनातून काढूनच टाका, लांबून ते खरंच दिसतं आणि कोणीतरी घाबरतं. पहिल्या सीनला पिस्तूल लागतच नाही. फाटलेली पावती जास्त भीती दाखवते.

गाळ्याचा वरून दिसणारा नकाशा काढा, साध्या वहीवर, शटर कुठे, टेबल कुठे, दरवाजा कुठे. त्यावर आधी कॅमेरा नाही, आधी अंधार काढा. पेन्सिलने जो भाग दिसायचा नाहीये तो काळा करा. आमच्या नकाशात जवळजवळ पाऊण गाळा काळा होता, उजेड फक्त दोन ठिकाणी, शटरखालची पट्टी आणि टेबलावरचा दिवा. मग प्रत्येक उजेडाला विचारायचं, तू कुठून आलास. बघणाऱ्याला खिडकी, दिवा, गाडीचा हेडलाईट असं काही कारण दिसलं किंवा जाणवलं पाहिजे, नाहीतर तो उजेड नुसताच सुंदर दिसतो, खरा वाटत नाही.

आणि इथे सगळ्यांची जी चूक होते ती आमचीही झाली. अंधार पाहिजे म्हणून आम्ही पहिल्या रात्री दिवेच कमी लावले, एक टेबल लॅम्प आणि बाहेरचा खांब, बस. स्क्रीनवर काही दिसेना म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, वाढवत वाढवत ६४०० वर नेला. घरी लॅपटॉपवर बघितलं तर काळ्या भागात नुसत्या मुंग्या चालल्यासारख्या, काळं काळं नाहीच, करडं चिखलासारखं. पूर्ण रात्र वाया गेली. अंधार चांगला यायला दिवा जोरदार लागतो हे त्या दिवशी शिकलो. एका बाजूने भरपूर लाईट मारायचा, तो जिथे नको तिथे काळ्या कापडाने, पुठ्ठ्याने अडवायचा, आयएसओ ४००-८०० च्या आत ठेवायचा आणि एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, उजळ भागाला धरून लावायचं. मग सावली आपोआप काळीकुट्ट पडते आणि स्वच्छ राहते. अजून एक, अंधाऱ्या जागेत कॅमेऱ्याची स्क्रीन खूप उजळ वाटते आणि आपण फसतो, त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-काळ्या भागांचा कॅमेऱ्यातला आलेख, बघा किंवा मधे मधे एक क्लिप लॅपटॉपवर टाकून बघा.

दुसऱ्या रात्री आम्ही पन्नास वॅटचा एलईडी फ्लड, म्हणजे रुंद उजेड फेकणारा दिवा, घेतला, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तोच. रस्त्याच्या खांबावरचा दिवा उंच असतो त्यामुळे त्याचा उजेड शटरखालून आत जेमतेम तीन-चार फूट येत होता आणि सावली टेबलापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून फ्लड शटरपासून पंधरा फुटांवर दुधाच्या क्रेटवर ठेवला, जमिनीपासून फूटभर वर. दिवा एवढा खाली आल्यावर पायांची सावली आख्ख्या गाळ्यात पसरली, टेबलाच्या पायावर चढली. तो क्षण मला अजून आठवतो, आम्ही पाचही जण गप्प झालो होतो. सावली लांब पाहिजे तर दिवा खाली, कडा धारदार पाहिजेत तर दिवा लहान आणि लांब, मऊ पाहिजेत तर दिवा मोठा आणि जवळ. एवढं गणित पाठ करा. लांब नेताना लक्षात ठेवा की अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो.

खिडकीच्या पट्ट्यांची सावली पाहिजे असेल, जी प्रत्येकालाच पाहिजे असते, तर व्हेनेशियन ब्लाइंड (आडव्या पट्ट्यांचा पडदा) विकत घेऊ नका, मोठ्या पुठ्ठ्यात समांतर पट्ट्या कापा, पुठ्ठा भिंतीच्या जवळ आणि दिवा लांब. पण एक विचारतो, तुमच्या कथेतल्या घरात तशी खिडकी आहे का? आपल्याकडे खिडकीला गज असतात, जुन्या घरात जाळी असते, जिन्याचा कठडा असतो, चाळीत वाळत घातलेले कपडे असतात. यांच्या सावल्या ब्लाइंडपेक्षा जास्त बोलतात आणि फुकट आहेत. आमच्याकडे शटर होतं म्हणून शटर वापरलं.

चेहऱ्याबद्दल. टेबलावरचा दिवा फ्रेममध्ये दिसणारच आहे, तो खूप उजळ ठेवला तर पांढरा गोळा दिसतो, म्हणून आत कमी वॅटचा बल्ब टाका किंवा कॅमेऱ्याकडच्या बाजूला आतून बटर पेपर लावा. चेहऱ्यावर पडणारा खरा उजेड फ्रेमच्या बाहेरून, पण त्याच दिशेने, दुसऱ्या दिव्याने द्या. समोरून अजिबात नको, बाजूने आणि जरा मागून. अर्धा चेहरा काळा झाला तरी चालेल, मात्र अंधारातल्या डोळ्यात एक ठिपका चमकला पाहिजे, नाहीतर माणूस मेल्यासारखा दिसतो. त्यासाठी छोटा थर्माकोलचा तुकडा मांडीवर ठेवला तरी भागतं.

दिव्यांचा फ्लिकर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी पण कॅमेऱ्यात येणारी लुकलुक, मात्र आधी तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० ठेवला तर बहुतेक दिव्यांना पट्टे येत नाहीत, तरी स्वस्त एलईडीचा भरवसा नाही, मिनिटभर शूट करून बघा. फोनवर करत असाल तर प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर स्पीड, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), फोकस सगळं लॉक. ऑटोवर ठेवलं की फोनला अंधार म्हणजे चूक वाटते आणि तो बिचारा तुमचा सगळा अंधार उजळवत बसतो. अल्ट्रावाइड लेन्स रात्री वापरू नका, मेन लेन्सच वापरा.

हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजलं जातं, नावही तिथलं नाही खरं तर, 'फिल्म नॉयर' हा शब्द या सिनेमांना लावला तो फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये, आणि ते सिनेमे करणारे वाइल्डर, सिऑडमाक, फ्रिट्झ लांग हे जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आलेले लोक, तिकडच्या एक्सप्रेशनिस्ट, म्हणजे मनातली भीती वाकड्या आकारांत आणि गडद सावल्यांत दाखवणाऱ्या, सिनेमाची सावली ते सोबत घेऊन आले. पण तीच सावली आपल्याकडे त्याच्या बरीच आधी पोचली होती. व्ही. शांताराम १९३३ मध्ये 'सैरंध्री' या सिनेमाच्या रंगीत प्रिंटच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले आणि १९३४ चा प्रभातचा 'अमृतमंथन' बघा, काळोख, मशाली, आणि कथेतल्या राजगुरूच्या एका डोळ्याचा पडदाभर क्लोजअप. पुण्यातल्या त्याच प्रभात स्टुडिओच्या जागेवर आज एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सावलीत गोष्ट सांगणं आपल्याला उसनं आणावं लागत नाही, ते आपल्या घरात पडलेलं आहे, आपण फक्त उघडून बघत नाही.

पैसे नसण्याचंही तसंच. १९४५ चा 'डीटूर' अगदी कमी पैशात झालेला सिनेमा, त्यात न्यूयॉर्कचा रस्ता जवळजवळ नुसत्या धुक्यात आणि दिव्यांच्या खांबांत दाखवलाय. आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये आरशांनी उन्हाचा झोत स्टुडिओत आणला, तो तर आपल्याला सरळ उचलता येतो. आम्ही पावतीचे क्लोजअप दिवसा केले, गाळ्याला काळी कापडं लावून, बाहेर कपाटाचा जुना आरसा धरून उन्हाची तिरीप आत टेबलावर मारली. एवढा धारदार उजेड कुठल्याही भाड्याच्या दिव्याने दिला नसता. फक्त ऊन सरकतं, दर पाच-सात मिनिटांनी आरसा हलवावा लागतो, त्यासाठी एक माणूस बसवून ठेवा. झोत हवेत दिसायला हवा असेल तर मागून उजेड आणि थोडा धूप, खोलीत दमा असलेलं कोणी नाही ना हे आधी विचारून. सिगारेटच्या धुराऐवजी आम्ही चहाच्या ग्लासची वाफ वापरली, मागून लाईट दिला की तीही तितकीच सुंदर दिसते. पाऊसही मागून लाईट असेल तरच दिसतो, समोरून मारला की गायब. आणि पाऊस परवडत नसेल तर रस्त्यावर दोन बादल्या पाणी मारा, कोरडं डांबर उजेड गिळतं, ओलं परत देतं.

शॉट डिव्हिजन, म्हणजे सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये तोडायचा ते, करताना एक नियम ठरवा आणि सीनभर पाळा. आमचा नियम होता की कॅमेरा गाळ्याच्या बाहेर जाणार नाही. बाहेरचा माणूस कोण हे हिरोला माहीत नाही तर प्रेक्षकालाही नाही. मग बरेच शॉट आपोआप गळले. अकरा लिहिले होते, सात वापरले. पहिला जमिनीलगत, शटर डावीकडे, आणि मग शेवटपर्यंत शटर डावीकडेच, टेबल उजवीकडेच, नाहीतर अंधारात प्रेक्षकाला दिशाच कळत नाही. उजेडाच्या सीनमध्ये लाईन क्रॉस झालेली (कॅमेरा पलीकडच्या बाजूला जाऊन डावं-उजवं उलटं होतं ती) एकवेळ खपते, अंधारात अजिबात नाही. सावली येते तो शॉट मात्र लांब ठेवला, बावीस सेकंद, हलला नाही कॅमेरा. एडिटला बसल्यावर हात शिवशिवतो कापायला. कापू नका. स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटचं चित्र) काढता येत नसेल तर मित्राला लोकेशनवर उभं करून फोनवर फोटो काढा, तोच स्टोरीबोर्ड.

ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर कॅमेरा मोनोक्रोम प्रोफाइलवर ठेवून कपडे आणि भिंत आधीच बघून घ्या. मरून शर्ट आणि बाटलीहिरवी भिंत डोळ्याला किती वेगळी, पण करड्या रंगात दोन्ही एक होऊन माणूस भिंतीत विरघळतो. रंगीत नॉयरही चालतो, मग रंग दोनच ठेवा.

साऊंडला शेवटी ढकलू नका, या सीनमध्ये निम्मी गोष्ट कानाने कळते. शटरचा आवाज, कागद फाडल्याचा, चपलांचा, वेगवेगळे जवळून रेकॉर्ड करा, शूटिंगच्या आवाजावर विसंबू नका. पॅकअप आधी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा रिकामा आवाज, घ्या. चपलेची करकर आम्ही मुद्दाम ठेवली होती, कारण शेवटच्या सीनमध्ये, दिवसाढवळ्या, भर बाजारात तीच करकर परत येते आणि प्रेक्षकाला चेहरा दिसायच्या आधी माणूस कळतो. पहिल्या सीनमध्ये अशी एक गोष्ट पेरून ठेवा जी शेवटी उगवेल. एकच, जास्त नको. रहस्यमय बाई, डबलक्रॉस, पोलीस हे सगळं पहिल्याच सीनमध्ये कोंबायची गरज नाही.

वेळेचं सांगतो, रात्री नऊला जमलात तर पहिला शॉट साडेअकराशिवाय होत नाही, लाईट लावण्यातच अर्धी रात्र जाते, म्हणून सगळ्यात अवघड शॉट आधी घ्या. आमचा सावलीचा होता. तीननंतर कोणाच्याच डोळ्यात जीव राहत नाही. आणि जेवणाची सोय आधी करून ठेवा, उपाशी टीम सावली धरून उभी राहत नाही.

कट तयार झाला की एकदा आवाज पूर्ण बंद करून सिनेमाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा आणि काही समजावून सांगू नका. मी माझ्या मावशीला दाखवला होता, तिने फोन परत देताना एवढंच विचारलं, "तो कागद आत कुणी टाकला?" असा प्रश्न आला तर दुसऱ्या सीनच्या तयारीला लागा. तो माणूस नेमका काय करत होता असं विचारलं, तर वहीतल्या त्या पहिल्या तीन ओळींकडे परत जा.